सहाजणांची युती, तरी सहातलाच एक बाहेर: हे गणित वाचायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बिग बॉस मराठी तुम्ही नेहमी पाहता. आता सर्व्हायव्हरचे, म्हणजे टोळ्यांत राहून एकमेकांना मतं देऊन बाहेर काढण्याच्या शोचे, जुने अमेरिकन सीझन पाहायला घेतलेत आणि दोन गोष्टी अडल्यात. एक, सहाजणांचं बहुमत समोर दिसत असताना त्या सहातलाच माणूस बाहेर जातो, हे आधी ओळखता येतं का? दोन, बिग बॉसमध्ये घर गाजवणारा दणकट ग्रुप शेवटी ट्रॉफी का नेत नाही? आणि जाता जाता विचारलंय, ‘की सगळं स्क्रिप्टेडच असतं?’

रिअ‍ॅलिटी शोच्या स्टोरी विभागात बसणाऱ्यांचं निम्मं काम म्हणजे कोण कोणाच्या बाजूने आहे याची रोज नोंद ठेवणं. तिथल्या सवयीनेच उत्तर देतो. तुमचे दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत: माणसाला बाहेर कोण काढतं आणि शेवटी जिंकवतं कोण? ही दोन उत्तरं माहीत नसतील तर घरातल्या मैत्र्या, रुसवे, भांडणं पाहून काहीच कळत नाही. सर्व्हायव्हरमध्ये बाहेर काढतात सोबतचे खेळाडू आणि विजेता निवडतात बाहेर पडलेल्या खेळाडूंची ज्युरी. बिग बॉसमध्ये घरातले फक्त नॉमिनेट करतात, म्हणजे बाहेर जाण्यासाठी नावं पुढे करतात. काढणारा आणि जिंकवणारा, दोन्ही प्रेक्षकच. त्यामुळे ‘ग्रुप’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो.

आधी सर्व्हायव्हर. पहिला सीझन, बोर्नियो, 2000 साल, 16 खेळाडू, दोन टोळ्या: टागी आणि पागाँग. दोन्ही टोळ्या एक झाल्या तेव्हा 5 विरुद्ध 5 अशी बरोबरी होती. टागीतल्या चौघांनी, म्हणजे रिचर्ड हॅच, सू हॉक, रूडी बोश आणि केली विगल्सवर्थ यांनी, आधी ठरवून एकाच नावावर मत टाकायचं हा प्रकार सुरू केला होता. एकत्र आल्यानंतरच्या पहिल्या मतदानात ग्रेचन बाहेर गेली ती फक्त 4 मतांवर. दहापैकी चार! उरलेली सहा मतं वेगवेगळ्या नावांवर विखुरली. बहुमत म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं, हे सभागृहात खरं. इथे ठरवून टाकलेली चार मतं न ठरवलेल्या सहांना भारी पडतात. टागीतलाच पाचवा, शॉन केनिफ, ‘कोणाला वाईट वाटायला नको’ म्हणून नावांच्या वर्णानुक्रमाने मत देत होता. चौघांना त्याचं पुढचं मत आधीच माहीत असायचं, म्हणजे न मागता एक जास्तीचं मत हाताशी आलं. मत कोणाला जाणार हे जगजाहीर करणारा खेळाडू तटस्थ राहत नाही, तो मोजणाऱ्याच्या खिशात जातो. हे आजही होतं, फक्त आता कोणी बाराखडी लावत नाही. ‘मी दिलेला शब्द मोडत नाही’ असं सगळ्यांसमोर सांगतात.

आता तुमच्या सहांच्या युतीकडे येऊ. अशा युतीत सहाजण कधीच एका पातळीवर नसतात. आत दोघांचं किंवा तिघांचं एक केंद्र असतं, त्याला चिकटलेला एखादा असतो आणि तळाला दोघं-तिघं, ज्यांना ‘आपण सहा’ हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं जातं. विरोधक संपेपर्यंत तळाची माणसं सुरक्षित, विरोधक संपले की पुढचा नंबर त्यांचाच. महाराष्ट्रात राहून युत्यांचं हे व्याकरण पुन्हा शिकवायची गरज नाही, पण आकडे मात्र मांडायला हवेत, कारण फुटण्याची वेळ आकड्यांवर ठरते.

दहाजण उरलेत, 6 विरुद्ध 4. तळाचे दोघं फुटले तर 4 आणि 2 मिळून 6, बहुमत पलटलं. पण हे दोघं नव्या युतीतही तळालाच राहणार, कारण तिथे चौघांचा गठ्ठा आधीच आहे. म्हणून शहाणा खेळाडू इथे थांबतो. नऊ उरले, 6 विरुद्ध 3. दोघं फुटले तर 5 विरुद्ध 4, आणि नव्या पाचांत ते दोघं आता तळाला नाहीत, मध्यावर आहेत. आठ उरले, 6 विरुद्ध 2. आता पलटवायला 5 मतं लागतात, म्हणजे दोघांनी फुटून भागत नाही, तिघं हवेत. सात उरले, 6 विरुद्ध 1. तेव्हाही तिघंच लागतात आणि बाहेरचा जोडीदार एकच उरलेला असतो. सहांच्या युतीतून अर्धी युती गुपचूप उचलणं फार अवघड. तळाचा माणूस जितका ‘अजून एक आठवडा बघू’ म्हणतो तितकी त्याला लागणारी माणसं वाढतात. बहुतेकांचा खेळ इथेच संपतो.

आता मार्केसस हा 2002 चा सीझन पाहा. नऊजण उरले होते. रोटू टोळीतल्या चौघांचा, जॉन कॅरल, टॅमी, रॉबर्ट आणि झोई यांचा, पक्का गट. पास्कल आणि नेले हे दोघं त्यांच्यासोबत. समोर कॅथी, शॉन आणि व्हेसेपिया. म्हणजे बरोबर 6 विरुद्ध 3. त्या दिवशीच्या इम्युनिटी स्पर्धेत (जो जिंकतो त्याला त्या मतदानात काढता येत नाही) प्रश्नाचं बरोबर उत्तर देणाऱ्याने दुसऱ्या कोणाची तरी दोरी कापायची होती. चौघांनी आपसात कापाकापी न करता बाकीच्यांवर कुऱ्हाड चालवली आणि उतरंड सगळ्यांसमोर उघडी पडली. ज्यांना ‘आपण सहा’ सांगितलं होतं त्या पास्कल आणि नेलेला कळलं की खरा आकडा चार आहे. त्यांनी समोरच्या तिघांशी हात मिळवले आणि 5 विरुद्ध 4 अशा हिशोबात जॉन कॅरल गेला. सत्तेवरची युती खेळाच्या मध्यात उलटली, आणि तीही कोणी थोर डाव रचला म्हणून नाही, तर चौघांनी आपली रांग स्वतःच दाखवली म्हणून.

इथून दोन गोष्टी पकडा. फुटणारे जवळजवळ नेहमी जोडीने फुटतात. एकटा फुटला असता तर 5 विरुद्ध 4 हे उरलेल्या पाचांच्याच बाजूने राहिलं असतं आणि पुढच्या मतदानात तोच बाहेर गेला असता. म्हणून पाहताना सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्या नेत्याकडे बघू नका. तळाला जोडी आहे का, ते बघा. दुसरं, नेत्याची चूक बहुतेकदा लाडांच्या वाटपात असते: स्पर्धेत जिंकलेल्या जेवणाला कोणाला नेलं, कोणाला मागे ठेवलं, सल्लामसलत करताना कोणाला शेवटी उठवलं. ज्याला ठरलेलं नाव सगळ्यात शेवटी कळतं, तो तळाला आहे हे डोळे मिटून लिहून ठेवा.

मूर्ती आल्यापासून, म्हणजे जंगलात लपवलेली, खेळल्यावर आपल्यावरची मतं रद्द करणारी इम्युनिटी, हिशोबात एक पायरी वाढली. बहुमतवाले आता मतं दोन नावांत वाटतात: अर्धी एकावर, अर्धी दुसऱ्यावर. एकाने मूर्ती काढली तर दुसरा जाईल. याची अट साधी आहे: बहुमत अल्पमताच्या किमान दुप्पट हवं. 5 विरुद्ध 3 असताना तुम्ही 3 आणि 2 अशी वाटणी केलीत आणि तीनवाल्याने मूर्ती काढली, तर तुमची 2 उरतात, त्यांची 3, आणि जातो तुमचाच माणूस. 6 विरुद्ध 3 असेल तर 3-3 वाटता येतात. मूर्ती निघाली तरी वाईटात वाईट बरोबरी होते आणि फेरमतदानात बहुमत पुन्हा एका नावावर येतं. पण यात शिल्लक शून्य आहे. एक मत हललं की सगळं कोसळतं.

आणि तसंच झालं, हीरोज व्हर्सेस व्हिलन्स या 2010 च्या सीझनमध्ये. व्हिलन्सच्या टोळीत नऊजण. बॉस्टन रॉबकडे सहा, रसेल हँट्झकडे तो धरून तीन: रसेल, पार्वती आणि डॅनिएल. (पार्वती शॅलो. नाव आपलं, बाई अमेरिकन.) रॉबने हिशोब चोख मांडला होता: 3 मतं रसेलवर, 3 पार्वतीवर. रसेलने रॉबच्या सहांतल्या टायसनच्या मनात भरवलं की आपणसुद्धा पार्वतीलाच मत देणार आहोत. टायसनला वाटलं, मग पार्वती तशीही जातेय, आपणही तिकडेच टाकू. झालं काय, पार्वतीवर 4, रसेलवर 2, आणि रसेलच्या तिघांनी ठरवून टायसनवर टाकलेली 3. रसेलने स्वतःची मूर्ती पार्वतीला दिली, तिच्यावरची चारही रद्द, आणि 3 विरुद्ध 2 ने टायसन स्वतःच्या मतामुळे बाहेर. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण. रॉबचा हिशोब बरोबरच होता. त्या वाटणीत एकही मत फालतू नाही, हे सहातल्या एकाला कळलं नव्हतं किंवा त्याने मनावर घेतलं नव्हतं. 8 विरुद्ध 3 असताना 4-4 वाटणीत एक मत हललं असतं तर मूर्ती निघूनही फार तर बरोबरी झाली असती. म्हणून बहुमत किती हे पाहण्यापेक्षा शिल्लक किती हे पाहा.

बरोबरी सुटलीच नाही तर काय, हाही हिशोबाचा भाग आहे. फेरमतदानातही कोणी हललं नाही तर ज्यांच्यावर मतं पडलेली नाहीत आणि ज्यांच्याकडे इम्युनिटी नाही, असे खेळाडू पिशवीतून दगड काढतात. वेगळ्या रंगाचा दगड आला तो घरी. मार्केससमध्ये चार उरले असताना 2-2 झाले आणि एकही मत न पडलेला पास्कल जांभळ्या दगडामुळे गेला. 2013 च्या ब्लड व्हर्सेस वॉटरमध्ये सहा उरले असताना 3-3 झाले आणि दगडाने केटी कॉलिन्स गेली. दगडाची भीती हे बहुमताच्या केंद्राचं खरं हत्यार असतं. ‘बरोबरी झाली तर तूही जाऊ शकतेस’ हे एक वाक्य तळाच्या माणसाला पुन्हा रांगेत आणायला पुरतं. बहुतेक वेळा पुरतंच.

ज्युरीचं प्रकरण वेगळं. ज्यांना काढलं तेच शेवटी मतं देतात, म्हणून काढण्याची पद्धत महत्त्वाची. सामोआ, 2009: दोन टोळ्या एक झाल्या तेव्हा गालूकडे आठ, फोआ फोआकडे चार. रसेल आपल्या चौघांना घेऊन आठांना एकेक करत संपवत गेला. खेळ म्हणून तो काय खेळला याबद्दल वाद नाही. शेवटच्या मतदानात नटाली व्हाइटला 7, रसेलला 2, मिकला शून्य. गालूच्या लोकांना हरल्याचा राग फारसा नव्हता, हिणवल्याचा होता. उलट बोर्नियोत रिचर्ड हॅच शेवटच्या इम्युनिटी स्पर्धेतून स्वतःहून बाजूला झाला. तो जिंकला असता तर एक तर लोकप्रिय रूडीला शेवटपर्यंत न्यावं लागलं असतं किंवा त्याला काढून ज्युरीतलं त्याचं मत गमवावं लागलं असतं. ते काम त्याने केलीवर सोडलं. निकाल 4-3, आणि त्या चारांत रूडीचं मत होतं. अर्थात त्याच चारांतलं एक मत ‘एक ते दहामधला आकडा ओळखा’ असं विचारून पडलं होतं. गणिताला एवढी मर्यादा असतेच.

आता बिग बॉस. मूळ बिग ब्रदर 1999 साली नेदरलँड्समध्ये सुरू झाला. नियम गटांना कसा घडवतो हे पाहायचं तर त्याचे अमेरिकेतले पहिले दोन सीझन शेजारी ठेवा. 2000 च्या सीझनमध्ये प्रेक्षक मतं देऊन लोकांना काढत होते. प्रेक्षकांनी भांडखोर माणसं आधी घालवली, घरात गुण्यागोविंदाने राहणारे उरले आणि डाव टाकायला कोणाला कारणच राहिलं नाही. 2001 मध्ये नियम बदलला: घरचा प्रमुख दोघांना नॉमिनेट करणार आणि घरातलेच मतदान करून काढणार. लगेच गट उभे राहिले आणि चिलटाउन गटातला विल कर्बी 5-2 ने जिंकला. खेळाची कल्पना तीच, काढणारा बदलला, आणि माणसं वेगळी वागू लागली.

बिग बॉस मराठी 2018 पासून चालू आहे आणि काढणारा प्रेक्षक आहे. मग ग्रुप कशाला होतात? तीन कामांसाठी. नॉमिनेशनमध्ये मतं फिरवायला, टास्कमध्ये माणसं कमी पडू नयेत म्हणून, आणि कॅप्टन्सीसाठी. चौथं कारण कोणी बोलून दाखवत नाही: दिवसभर कॅमेऱ्यासमोर बोलायला कोणीतरी लागतं, आणि एकट्याचं फुटेज कमी निघतं. यातलं एकही काम ट्रॉफी देत नाही. पाचजणांनी मिळून एखाद्याला दर आठवड्याला नॉमिनेट केलं तर होतं असं की त्याच्या चाहत्यांना दर आठवड्याला मत द्यायची सवय लागते, आणि ग्रुपमधला सुरक्षित माणूस पहिल्यांदा नॉमिनेट होतो तेव्हा त्याच्याकडे अशी सवय लागलेला प्रेक्षकच नसतो. सर्व्हायव्हरमध्ये लपून राहणं फायद्याचं, इथे तेच महागात पडतं.

2024 चा पाचवा सीझन आठवा. टीम ए आणि टीम बी ही विभागणी पहिल्या आठवड्यांतच पडली, आवाजही टीम ए चाच जास्त होता. सीझन जिंकला सूरज चव्हाण, दुसरा आला अभिजीत सावंत. दोघंही समोरच्या बाजूचे. ए टीम तोपर्यंत आतून फुटली होती. असे ग्रुप फुटतात तेव्हा कारणं साधी असतात: विरोधक कमी होतात, कॅप्टनची खुर्ची एकच असते आणि टास्कसाठी टीम वेगळ्या पाडल्या जातात, त्यामुळे कालचे सोबती आज समोर येतात. पण आणखी एक कारण आहे, जे सर्व्हायव्हरमध्ये जवळजवळ नसतं. बाहेरची माहिती आत येते. शनिवार-रविवारी होस्ट कोणाला झापतो, कोणाला शाबासकी देतो, हा घरातल्या माणसांना मिळणारा लोकमताचा एकमेव नियमित अंदाज. होस्टची ही बैठक पूर्वीची चावडी असो की भाऊचा धक्का, सोमवारी घरात जागा बदललेल्या दिसतात त्या यामुळे. वाइल्ड कार्डने, म्हणजे सीझन सुरू झाल्यावर मधूनच, येणारा तर बाहेरचे भाग पाहूनच येतो. तो पहिल्या दोन दिवसांत कोणाजवळ बसतो ते पाहा, बाहेर कोण लोकप्रिय आहे ते कळेल. (तो मुद्दाम उलटं बसला नसेल तर. हुशार असतात ते.)

स्क्रिप्टेडबद्दल. संवाद लिहून दिलेले नसतात आणि त्याची गरजही नसते. टोळ्यांची अदलाबदल कधी करायची, वाइल्ड कार्ड कोणत्या आठवड्यात सोडायचा, टास्कमध्ये कोणाला कोणासोबत जोडायचं, हे मात्र निर्माते ठरवतात आणि युत्या कुठे ताणल्यात हे पाहूनच ठरवतात. दुसरी कलाकुसर एडिटमध्ये असते. चोवीस तासांतून जेमतेम तासभर उरतो. म्हणून एखाद्या भागात ज्याचं नाव सुरुवातीपासून सगळे घेतायत आणि कोणी त्याला विरोध करत नाही, तिथे थोडा संशय ठेवा; उत्कंठा राखण्यासाठी दुसरं नाव लपवलेलं असू शकतं. हा नियम म्हणून वापरू नका, कधीकधी सरळच जातं.

नोंद ठेवायची असेल तर एक पान पुरतं. उभे रकाने मतदानाचे, आडव्या ओळी खेळाडूंच्या. प्रत्येक मतदानात कोणी कोणाचं नाव लिहिलं ते भरा आणि जो गेला त्याच्या विरोधात मत नसलेल्यांभोवती गोल करा. त्यांना एक तर ठरलेलं नाव सांगितलं गेलं नव्हतं किंवा ते ठरवून वेगळे गेले. लागोपाठ दोन गोल म्हणजे तो बाहेर पडलाय. मतांची वाटणी झाली असेल तर दोन्ही नावं योग्य धरा, नाहीतर नाहक गोल पडतात. बाजूला एक रकाना ‘नाव कधी कळलं’ यासाठी ठेवा: आधी, मध्ये, शेवटी. बिग बॉससाठी हेच पान नॉमिनेशनचं करा आणि एक रकाना होस्ट काय बोलला यासाठी वाढवा.

सुरुवात मार्केससपासून करा. दोन्ही टोळ्या एकत्र झाल्यापासून नऊजण उरेपर्यंतच्या भागांत पास्कल आणि नेलेच्या ओळी आधी भरा, जॉन कॅरलची शेवटी. जॉनचं मतदान उघडायच्या आधी भाग थांबवून तुमचा आकडा लिहा.